बार्दी

बार्दी : उत्तर इटलीतील एमीलिया-रोमान्या विभागात, पार्मा प्रांताच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातले गाव. आपेनाईन पर्वतातील चेनो नदीच्या खोऱ्यात सुमारे ६२५ मी. उंचीवर ते वसले आहे. लोकसंख्या सुमारे २,०००.

तांबड्या जॅस्पर खडकाच्या सुळक्यावरील किल्ला लांबूनच नजरेत भरतो. त्या जागेचा लेखी उल्लेख इ. स. ८९८ पासून आढळतो. १२५७ मध्ये ती लांदी घराण्याकडे आली. १६८२ मध्ये जहागीर पार्माच्या फार्नेझे ड्यूकांना विकली गेली आणि बार्दीचे राजकीय महत्त्व ओसरले. पुढचा इतिहास सरदारांचा नाही, पोटासाठी घर सोडणाऱ्यांचा आहे.

जमीन हलकी, त्यात वाटण्या होत गेलेल्या. गरिबाचे पोट बरेचसे चेस्टनटच्या पिठावर भरे. म्हणून हिवाळ्यात पुरुष बाहेर पडत. आसपासच्या खोऱ्यांतून कोणी पेटीवाजा घेऊन, तर कोणी अस्वले नाचवत युरोपभर फिरे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बार्दीकरांना दक्षिण वेल्सच्या कोळसा-खोऱ्यांची वाट सापडली. तेथे त्यांनी खाणकामगारांसाठी आइस्क्रीमची व खाण्यापिण्याची दुकाने काढली. प्रारंभीच्या दुकानदारांपैकी ब्राक्की यांच्या आडनावावरून अशा प्रत्येक दुकानाला ‘ब्राक्की’ म्हणू लागले. मालक गावाकडून पोरगेलेसे नातलग, शेजाऱ्यांची मुले मदतीला आणत. दिवस लांब, मजुरी थोडी. या मुलांच्या कष्टांवरच तो धंदा उभा राहिला, हे त्या दुकानांचे कौतुक करताना विसरले जाते. रविवारीही दुकान उघडे ठेवण्यावरून रविवार पाळणाऱ्या चॅपलवाल्या प्रॉटेस्टंटांशी खटके उडत. तरी दारूच्या गुत्त्याऐवजी चहा-कॉफीवर गप्पा मारत बसायला खाणीतल्या माणसाला हक्काची जागा मिळाली, हे श्रेय बार्दीकरांचेच.

१० जून १९४० रोजी मुसोलिनीने युद्ध पुकारताच ब्रिटनमध्ये इटालियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. वर्षानुवर्षे कॅफे चालवणारी माणसे ना खटला, ना सुनावणी अशी स्थानबद्ध झाली. त्यांपैकी अनेकांना कॅनडाला नेणारे ‘अरँडोरा स्टार’ हे जहाज १ जुलैला लिव्हरपूलहून निघाले. त्यावर रेडक्रॉसचे चिन्ह नव्हते. डेकवर मात्र काटेरी तारा होत्या. दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या वायव्येस जर्मन पाणबुडी ‘यू-४७’ च्या पाणतीराने ते बुडाले. ८०० हून अधिक माणसे मेली, त्यांत निम्म्याहून जास्त इटालियन होते. मृतांत ४८ जण बार्दीचे होते. पाणतीर जर्मनीचा असला, तरी निरपराधांना त्या जहाजावर चढवण्याची जबाबदारी ब्रिटिश सरकारचीच ठरते.

बार्दीच्या दफनभूमीत या मृतांच्या स्मरणार्थ छोटे प्रार्थनामंदिर आहे. गाव आज विरळ झाले असले, तरी ऑगस्टमध्ये वेल्समधील वंशज सुटीसाठी येतात आणि चौकात वेल्श धाटणीची इंग्रजी ऐकू येते. कार्डिफच्या सेंट डेव्हिड्स कॅथीड्रलमध्ये वेल्समधील बळींचे स्मारक उभारले गेले ते २०१० मध्ये, दुर्घटनेनंतर ७० वर्षांनी.