प्राध्यापक स्टॅन्ली हॉफमन

इ. स. १९२८ मध्ये व्हिएन्नात जन्मलेले स्टॅन्ली हॉफमन बालपणीच आईसह फ्रान्सला आले. नाझी अंमलात मायलेकरे ज्यूवंशीय ठरली व जिवावर बेतले. तेव्हा नीस येथील इतिहासाच्या शिक्षकाने बनावट ओळखपत्रे देऊन त्यांना निसटण्यास साहाय्य केले. हॉफमन यांनी १९५५ पासून हार्वर्ड विद्यापीठात अर्धशतकाहून अधिक काळ अध्यापन केले आणि १९६९ मध्ये तेथील युरोप-अभ्यासकेंद्राच्या स्थापनेत पुढाकार घेतला. युरोपीय राष्ट्रे व्यापारात एकत्र आली, तरी परराष्ट्रनीती व संरक्षण यांवरील सत्ता सहजी सोडणार नाहीत, हे त्यांनी १९६६ मध्येच मांडले. २०१५ मध्ये ते निवर्तले. त्या शिक्षकाने एक मुलगा नव्हे, पिढ्यांचा गुरू वाचविला. विद्यार्थिनिधीस हातभार लावताना ज्ञातिबांधवांनी हे स्मरावे.