लहान गाडीचे प्रमाण

मराठीत एकच वस्तू मोठ्या आकाराची असल्यास पुल्लिंगी आकारान्त आणि लहान आकाराची असल्यास स्त्रीलिंगी ईकारान्त नामाने दाखविण्याची रीत आहे. सुरा–सुरी, हातोडा–हातोडी, डबा–डबी ही तिची परिचित उदाहरणे होत. ‘गाडा’ आणि ‘गाडी’ हे युग्मही याच जातीचे. म्हणजे आज ज्या ‘गाडी’ शब्दाने आपण मोटारीचा किंवा आगगाडीचाही निर्देश करतो, तो रूपाने मुळात लघुत्वदर्शक आहे. याच्या उलट, जे मूल नुकते पाऊल टाकू लागले त्याच्या हाती दिल्या जाणाऱ्या तीन चाकांच्या लाकडी साधनास मात्र आपण ‘पांगुळगाडा’ म्हणतो. घरातील सर्वांत लहान वाहनास मोठ्याचे नाव मिळाले आहे. भाषा वस्तूचे मोजमाप गजाने करीत नाही. ती वस्तू वापरणाराच्या दृष्टीने करते, असे यावरून दिसते.

प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो हाताने घडविलेल्या आणि सजविलेल्या लहान गाड्यांचा. मोटारींच्या लहान प्रतिकृती तयार करणे, त्यांत आपल्या आवडीप्रमाणे फेरफार करणे हा छंद आधुनिक मानला जातो. परंतु लहान गाडी ही मोठ्या गाडीची केवळ आकुंचित नक्कल कधीच नव्हती. काय ठेवावे, काय गाळावे आणि काय नव्याने जोडावे याचा निर्णय करणारा प्रत्येक वेळी करीत आला आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो तो हा निर्णय.

विवेचनासाठी मेहकरचा परिसर सोयीचा आहे. पैनगंगेच्या काठचे हे गाव ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाडातील एका सरकारचे ठाणे म्हणून नोंदलेले आहे, पण आगगाडी येथे आजतागायत आलेली नाही. येथील वाहनाचा इतिहास म्हणजे रस्त्याचा इतिहास : प्रथम बैलाची बंडी, दमणी आणि छकडा, नंतर एसटी आणि मालमोटार, आणि डिसेंबर २०२२ पासून गावाजवळून जाणारा समृद्धी महामार्ग. या मोठ्या वाहनांबरोबरच मुलांच्या हातची लहान वाहनेही बदलत गेली.

त्यांपैकी जुने वाहन म्हणजे ज्वारीच्या धांड्याची गाडी. धांडा सोलून सालीच्या काड्या वेगळ्या करावयाच्या, आतले भेंड तुकडे करून घ्यावयाचे, आणि काड्या भेंडात खुपसून साटी, आख, जू असा एकेक भाग उभा करावयाचा. खिळ्याच्या जागी बाभळीचा काटा. या गाडीत लोखंडाची धाव नसते, चाकाला आरे असतातच असे नाही; पण जू आणि बैल बहुधा चुकत नाहीत. जुंपल्यावाचून गाडी ही गाडी नव्हे, असा मुलाचा निर्णय त्यातून स्पष्ट दिसतो. पुढे तारेची मोटार आली. तिला चपलेच्या रबराची किंवा औषधाच्या बाटलीच्या बुचांची चाके आली, आणि जुवाच्या जागी एक लांब दांडा व त्याच्या टोकाला सुकाणूचे चाक आले. खऱ्या मोटारीचे सुकाणू आत असते. मुलाने ते बाहेर, आपल्या हाताच्या उंचीवर आणले. ही चूक नव्हे. खेळणाऱ्याला गाडी हाकावयाची असते आणि तो गाडीच्या आत बसू शकत नाही, म्हणून केलेली ती योजना आहे.

धांड्याची गाडी एखाद्या पावसाळ्यापलीकडे टिकत नाही. प्राचीन काळातही बहुतेक लहान गाड्यांची हीच गत झाली असली पाहिजे. हडप्पा, मोहेंजोदडो, चन्हुदडो येथे पक्व मातीच्या गाड्यांचे सांगाडे आणि चाके पुष्कळ मिळाली आहेत. त्या सांगाड्यांना भोके आहेत. भोकांत बसविलेल्या काड्या मात्र नष्ट झाल्या आहेत. म्हणजे आपल्या हाती आलेला आहे तो गाडीचा न कुजणारा भाग तेवढा.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या विषयातील सर्वांत मोठा पुरावा दायमाबादचा होय. प्रवरेच्या काठच्या या स्थळी १९७४ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. पहिले शिल्प दोन बैल जुंपलेल्या रथाचे असून त्यात हाकणारा उभा आहे. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १६ सेंटिमीटर. उरलेली तीन हत्ती, गेंडा आणि रेडा यांची आहेत. रेडा आणि गेंडा यांच्या खाली भरीव चाके आहेत. हत्तीच्या बैठकीचा आस व चाके नाहीशी झाली आहेत. उलट रथ ओढणाऱ्या बैलांच्या पायांखाली चाके नाहीत. रथाला स्वतःची चाके आहेत, म्हणून बैलांना ती दिली नाहीत. इतर पशूंना ओढावयाचे होते, म्हणून दिली, असा याचा सरळ अर्थ लागतो.

येथे विदर्भातील वाचकाला तान्ह्या पोळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, विशेषतः नागपूर–वर्धा भागात, मुले चाकांवर बसविलेले लाकडी बैल सजवून मिरवितात. या प्रथेचा आरंभ परंपरेने दुसऱ्या रघूजी भोसल्यांकडे आणि १८०६ सालाकडे नेला जातो. बैलाला झूल, घुंगरे, शिंगांना रंग, कपाळी बाशिंग असा साज चढतो. उत्कृष्ट सजावटीस बक्षीस मिळते. लहान वाहन घडविणे, त्यात आपल्या कल्पनेने भर घालणे आणि ते चारचौघांत मांडून त्याची पारख करून घेणे ही आजच्या छंदाची तिन्ही अंगे येथे आढळतात.

मात्र दायमाबादचा रेडा आणि तान्ह्या पोळ्याचा बैल यांच्यात अखंड परंपरा आहे, असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. मधल्या प्रदीर्घ काळातील दुवे आपल्या हाती नाहीत. शिवाय दायमाबादच्या शिल्पांच्या काळाबद्दलच मतभेद आहेत. एस. ए. साळी यांच्यासारख्या उत्खननकर्त्यांनी ती उत्तर-हडप्पा काळातील मानली, डी. पी. अग्रवाल यांनी धातूतील एक टक्क्याहून अधिक सोमलाचे प्रमाण दाखवून ती बरीच नंतरची असावीत अशी शंका उपस्थित केली. शिल्पे शास्त्रीय उत्खननात न मिळता अवचित हाती लागली, हे या वादाचे मूळ आहे. सारख्या गरजेतून सारखा उपाय स्वतंत्रपणे सुचू शकतो : प्राणी दोरीने ओढावयाचा असेल तर त्याच्या पायाखाली चाक येणारच. यापलीकडे आज जाता येत नाही.

पुराव्याचा असा अतिरिक्त अर्थ काढण्यातील धोका शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त मार्मिकपणे आला आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीसाठी हट्ट धरतो; दासी रदनिकेने करून दिलेली मातीची गाडी त्याला नको असते. वसंतसेना आपले अलंकार त्या गाडीत भरते. पुढे न्यायसभेत तेच अलंकार विदूषकाच्या काखेतून खाली पडतात आणि चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. अलंकार खरे, त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. ‘शकटिका’ हे रूपही ‘शकट’ शब्दाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून झाले आहे. सबंध प्रकरणाला नाव मिळाले ते खेळण्यावरून, ही गोष्ट आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

विसाव्या शतकात या व्यवहारात एक नवी गोष्ट शिरली. ती म्हणजे ठरावीक प्रमाण. ब्रिटनमधील खेळण्यातल्या आगगाड्यांत एका फुटाला सात मिलिमीटर हे माप रूढ होते. त्यावरून मोटारींच्या प्रतिकृतींचे १:४३ हे प्रमाण आले. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या मोटारी १९३४ पासून ‘डिंकी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. तथापि प्रमाणाचा हा नियमही निरपवाद नव्हता. १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅचबॉक्स’ मालिकेत प्रत्येक वाहन काड्यापेटीएवढ्या डबीत मावले पाहिजे, अशी अट होती. त्यामुळे बस अधिक आक्रसली आणि लहान मोटार कमी. वाहनाचे प्रमाण येथे वाहनाने ठरविले नाही, डबीने ठरविले.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३० मध्ये मुलांसाठी कारागिरांचा संघ काढला आणि पहिली स्पर्धा ठेवली ती घोड्यांच्या बग्गीच्या प्रतिकृतीची. संघ १९६८ पर्यंत चालला. १९५८ मध्ये एएमटी कंपनीने १:२५ प्रमाणातील असे जोडसंच आणले की एकाच पेटीतून मूळ, सजविलेली किंवा शर्यतीची अशा तीनपैकी कोणतीही मोटार तयार करता यावी. फेरफार करण्याची जी मोकळीक धांड्याच्या गाडीत मुळातच होती, ती आता पेटीत बंद करून विकली जाऊ लागली.

आज महाराष्ट्रातील छांदिष्ट पुठ्ठा, सनबोर्ड व तारा यांपासून एसटीची ‘लाल परी’ करतात. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. आज तिची लहान रूपे घरोघरच्या फडताळांत आहेत. अशा प्रतिकृतीत पाट्यांचे पत्रे आणि खिडक्यांच्या दांड्या मोजून बसविलेल्या असतात. पण मार्गफलकावर आपल्याच गावाचे वा आगाराचे नाव येते. मापाच्या शिस्तीतही करणाराने आपला निर्णय राखून ठेवला आहे.

भाषाभ्यासकाला मात्र येथे एक तोटा दिसतो. धांड्याची गाडी करणाऱ्या मुलाला तुंबा, आरा, आख, साटी, शिवळ हे शब्द हात चालविता चालविताच येत असत. भाग केल्यावाचून त्याचे नाव कळत नसे, आणि नाव ठाऊक नसले तर भाग राहून जाई. आयत्या गाडीने ही शाळा बंद केली. जो आजही स्वतः गाडी करतो, त्याच्याजवळ शब्द आहेत, पण ते चेसिस, बंपर, डेकल असे आहेत. त्यात खेद मानण्याचे कारण नाही. मोठे वाहन बदलले की लहान वाहनाची भाषा बदलणारच. खेद वाटावा तो जुने शब्द न नोंदता जाऊ देण्याबद्दल. माती आणि धातू जमिनीखाली वाट पाहू शकतात. धांडा आणि शब्द पाहू शकत नाहीत.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सुचवावेसे वाटते की, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागांतील वृद्धांकडून अशी एखादी गाडी प्रत्यक्ष करवून घ्यावी आणि प्रत्येक भाग बसविताना त्यांच्या तोंडचा शब्द तेथल्या तेथे टिपावा. नुसते विचारून शब्द आठवत नाहीत; हात चालू लागला की आठवतात. मराठीत ‘प्रमाण’ या एकाच शब्दाला परिमाण आणि पुरावा असे दोन्ही अर्थ आहेत. लहान गाडीच्या बाबतीत पहिले प्रमाण कारखान्यांनी काटेकोरपणे जपले. दुसरे जपण्याचे काम आपले आहे.