३५४ला लागलेलं कलम

मुंबईतल्या जुन्या इमारतीत राहणारा माणूस पालिकेच्या कायद्याचं पुस्तक सहसा उघडत नाही, पण त्यातले दोन-चार आकडे त्याला कधी ना कधी पाठ होतात. ‘आम्हाला ३५४ आलीय’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा ‘काय आलीय?’ असं विचारत नाही. ‘मग आता जाणार कुठे?’ असंच विचारतो. इमारत मोडकळीला आली आहे, कोसळू शकते, दुरुस्त करा नाहीतर उतरवा, असं सांगणारी ती नोटीस. ‘३५४-अ’ आली तर मामला उलटा. तिथं इमारत पडत नसते, परवानगीशिवाय चढत असते, आणि पालिका म्हणते, आधी काम थांबवा. मधे फरक एका ‘अ’चा. (पोलिसांच्या जुन्या दंड संहितेतही एक ३५४-अ होतं, लैंगिक छळाचं. त्यामुळे ‘त्याच्यावर ३५४-अ लागलं’ या वाक्याचा अर्थ बोलणारा कोणत्या खात्यातला आहे यावर ठरायचा.) ठाण्या-पुण्याकडे पडायला आलेल्या इमारतीतला माणूस ‘२६४ आली’ म्हणतो, कारण तिथं लागू असलेला कायदा वेगळा, १९४९चा.

हा ‘अ’ कुठून आला, हे शोधायला गेलं की शहराच्या कायद्याची अख्खी पोथी उलगडायला लागते. कायदे कसे होतात यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं. झालेले कायदे नीट लावून ठेवायचे कसे, जुन्यात नवं कुठे बसवायचं, कोणतं आज चालू आहे आणि कोणतं मेलेलं आहे हे कुणी सांगायचं, यावर फारसं कुणी बोलत नाही. ते कारकुनाचं काम. ही कुळकथा त्या कारकुनाची.

मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८चा. त्याला पाचशेवर कलमं आहेत. मधेच नवी तरतूद घालायची झाली तर वाटा दोन : पुढच्या सगळ्या कलमांचे क्रमांक एकेकाने सरकवायचे, किंवा शेजारच्या क्रमांकाला एक अक्षर जोडून नव्या पाहुण्याला तिथंच पाट मांडून द्यायचा. नीटनेटक्या माणसाला पहिली वाट बरी वाटते. पण क्रमांक एकट्या पुस्तकात राहत नाहीत. छापील नमुन्यांवर असतात, रजिस्टरांच्या मथळ्यांवर असतात, न्यायनिवाड्यांत असतात, आणि मुख्य म्हणजे तोंडात असतात. सातबारा हा शब्दच पाहा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, महसूल खात्याच्या दोन कोऱ्या फॉर्मांचे क्रमांक. त्यांचं नाम झालं, आणि आता त्यावरून भावाभावांत दावे चालतात.

क्रमांक बदलले की काय होतं ते अलीकडेच देशाने अनुभवलं. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ‘चारसोबीस’खालची जमीन सरकली. फसवणूक आता ३१८व्या कलमात, खून ३०२ऐवजी १०३व्यात. त्या दिवसांत वकिलांच्या टेबलावरच्या काचेखाली आणि पोलिसांच्या मोबाइलमध्ये एकच तक्ता दिसे : डावीकडे जुना नंबर, उजवीकडे नवा. लबाड माणसाला मात्र अजून कुणी ‘तीनशेअठरा’ म्हणत नाही. मुंबईच्या बांधकाम नियमावलीने शहाणपणा केला. १९९१च्या नियमावलीच्या जागी २०१८मध्ये नवी आली, पण जुन्या उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास ३३(७)मध्येच राहिला आणि झोपडपट्ट्यांचा ३३(१०)मध्येच. ‘तेहतीस-सात’ आणि ‘तेहतीस-दहा’ ही तोवर बिल्डरांची, सोसायट्यांची आणि दलालांची बोलीभाषा झाली होती. पुस्तक बदलणं सोपं, बोली बदलणं कठीण.

आता ‘कलम’. हा शब्द अरबीतून आला, तिथं तो ग्रीकांकडून. मूळ अर्थ वेत, बोरू. बोरूने लिहायची ती कलम. कागदावर एकाखाली एक लिहिलेली बाबही कलम. तहाची कलमं असं आपण मराठेशाहीपासून म्हणतो. आणि बोरूसारखीच तिरकी छाटून दुसऱ्या झाडावर बांधलेली काडी, तिलाही कलमच म्हणतात. पुढे शासकीय मराठीने या शब्दाला हटवायचा प्रयत्न केला, संविधानात ‘अनुच्छेद’ आणला. लोकांनी ३७०ला कलमच ठेवलं. बरं झालं. कारण ३५४ला ‘अ’ लावणं हे शब्दशः कलम बांधणं आहे. खुंट जुना, मूळ जुनं, वर बांधलेली काडी नवी, आणि फळ कुठलं येणार ते काडीवर ठरणार. अनुच्छेदावर काहीच बांधता येत नाही.

तिकडे राजपत्रातली वर्णमालाही एकसारखी नाही. पालिकेच्या कायद्यात ‘अ’, तर नगररचनेच्या अधिसूचनांत ‘कलम ३७ (१कक)’ असं लिहिलेलं सापडतं. इंग्रजीतल्या दोन ‘ए’ची जागा तिथं दोन ‘क’ घेतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मुद्रितशोधकाची डुलकी वाटावी असं ते रूप आहे.

शहराने स्वतः केलेल्या नियमांना मराठीत उपविधी म्हणतात. घरबांधणी सोसायटीच्या सभेत ज्यावरून खुर्च्या सरकतात ते ‘आदर्श उपविधी’ही याच जातीचे. मूळ इंग्रजी शब्द बायलॉ. त्यातल्या ‘बाय’ला दुय्यम समजून आपल्या भाषांतरकारांनी ‘उप’ लावला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, खुद्द इंग्रजही आज तसंच समजतात. पण हा ‘बाय’ दुय्यम नाही, तो गाव आहे. नवव्या शतकात उत्तरेकडच्या समुद्री लोकांनी इंग्लंडचा पूर्वभाग व्यापला, तेव्हा त्यांच्या भाषेत वस्तीला ‘बी’च्या जवळपास उच्चारला जाणारा शब्द होता. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या गावांच्या शेपटांत तो अजून आहे. ‘लॉ’ही त्यांचाच : जे घालून ठेवलं आहे, मांडून ठेवलं आहे ते. दोन्ही जोडले की होतं गावाने घालून ठेवलेलं. त्याला आपल्याकडे नेमका शब्द होता, गावकी. उपविधी म्हटल्यावर वाटतं, वरच्या मोठ्या कायद्याचं हे शेंडेफळ. गावकी म्हटलं तर बाजू उलटते : आधी गाव, मग राजा.

गोव्यात हे फार आधी कागदावर उतरलं. पोर्तुगिजांनी गोवा बेट घेतलं तेव्हा गावकऱ्यांच्या संस्था तिथं नांदत होत्याच. महसूल त्यांच्याकडूनच वसूल करायचा तर त्यांची रीत कळायला हवी, म्हणून १५२६मध्ये अफोन्सो मेशिया या अधिकाऱ्याने ती लिहून काढवली. तो दस्तऐवज फोराल म्हणून ओळखला जातो. रीत गावाची, हिशेब राजाचा. लिहिलेली गावकी बहुतेक वेळा अशीच जन्मते, कुणाला तरी वसुली करायची असते.

लंडनच्या पोथीचं कारण मात्र वेगळं होतं, आणि माझा जीव तिथंच अडकला आहे. तिचं कारण म्हातारे मेले हे.

१४१९ साली लंडनचा महापौर होता रिचर्ड व्हिटिंग्टन, इंग्रजी मुलांच्या गोष्टीत मांजरीच्या जोरावर श्रीमंत होणारा तोच. त्याच्या हाताखाली शहराचा मुख्य कारकून होता जॉन कार्पेंटर. शहराचे निर्णय, सनदा, दंड, नेमणुका तोवर मोठ्या वह्यांत उतरवलेल्या होत्या. या वह्यांना ए, बी, सी अशी अक्षरांचीच नावं होती आणि त्यांची रांग १२७०च्या दशकापासून चालत आलेली. सगळं लिहिलेलं होतं आणि काहीच सापडत नव्हतं. सापडत होतं ते काही म्हाताऱ्या माणसांना. कोणता ठराव कोणत्या वहीत, कुणाच्या कारकिर्दीत, पुढे तो फिरवला की नाही, हे त्यांच्या डोक्यात होतं. मग प्लेगच्या साथी आल्या. जाणती माणसं एकदम गेली, खुर्चीवर तरणी पोरं आली, आणि निकाल द्यायची वेळ आली की ती गोंधळून एकमेकांची तोंडं पाहू लागली. कार्पेंटरने प्रस्तावनेत हेच कारण दिलं आहे. कायदा हरवला नव्हता, कायद्याचा पत्ता हरवला होता.

त्याने जे पुस्तक लिहवलं ते ‘लिबेर अल्बुस’, पांढरं पुस्तक. अर्धं लॅटिनमध्ये, अर्धं नॉर्मन फ्रेंचमध्ये, कारण कायदा त्याच भाषांत राहत होता. आत शहर भरलेलं आहे. पावाचं वजन, बिअरचं माप, मासळी कुठे विकायची. डुक्कर पाळायचं तर घरात पाळा, रस्त्यावर सोडू नका. दारूच्या गुत्त्याबाहेर खूण म्हणून आडवी काठी लावायची चाल होती. ती राजरस्त्यावर सात फुटांपेक्षा पुढे येता कामा नये. घोड्यावरच्या माणसाच्या कपाळाला ती लागत असणार, आणि घराच्या लाकडालाही तिचा भार होत असणार. आपल्या दुकानांचे बोर्ड आणि ताडपत्र्या ज्या कलमांखाली उतरवल्या जातात, त्यांचं कूळ इतकं जुनं आहे.

फार जुना एक मजकूर भिंतींचा. ११८९पासून शहरात मानला जाणारा नियम असा : दोन शेजाऱ्यांना मिळून दगडी भिंत घालायची असेल तर प्रत्येकाने आपली दीड दीड फूट जागा द्यायची आणि तीन फूट रुंद, सोळा फूट उंच भिंत दोघांच्या खर्चाने उभी करायची. दीड-दीड फूट! कोकणातल्या बांधावरून उभी हयात कोर्टात काढलेल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवावं.

पण कार्पेंटरची करामत या नियमांत नाही, ते आधीच होते. करामत चौथ्या भागात आहे. तो बहुतांशी नुसती यादी आहे : अमुक विषय, तमुक वही, तमुक पान. आज आपण ज्याला सूची म्हणून पुस्तकाच्या शेवटी ढकलतो आणि जिचं काम शेवटच्या आठवड्यात कुणा होतकरू मुलाला देतो, ती इथं ग्रंथाचा एक भाग होऊन बसली आहे. मेलेल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यात जे होतं ते हेच. कार्पेंटरने ते कागदावर काढलं.

मुंबईला अशी आणीबाणी साथीने आणली नाही, खर्चाने आणली. १८६५च्या कायद्याने पालिकेचा कारभार एका कमिशनरच्या हाती आला. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा, त्याच्या नावाचं मार्केट आपण नाव बदलूनही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतो. त्याने गटारं काढली, रस्ते केले आणि तिजोरीचा तळ दाखवला. करदाते १८७१मध्ये उठले. १८७२च्या तिसऱ्या कायद्याने लोकांनी निवडलेले सभासद आत आले. त्याच्यावरची घडी बसवून १८८८चा कायदा झाला, त्या वर्षीचाही तिसराच. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांची त्यामागची मेहनत मोठी. पालिकेच्या मुख्यालयासमोर फिरोजशहांचा पुतळा आहे तो उगाच नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी. तेवीस वर्षांत मोठे कायदे तीन झाले, आणि त्यानंतरच्या एकशे पस्तीसहून अधिक वर्षांत एकही नाही. शहर मात्र थांबलं नाही. उपनगरं १९५०मध्ये आणि विस्तारित उपनगरं १९५७मध्ये आत आली, राज्य बदललं, कायद्याच्या नावातलं बॉम्बेही गेलं. खुंट तोच ठेवून वर कलमं बांधत गेले. काही बांधलेली वाळली, तीही काढून टाकता येत नाहीत. तिथं क्रमांक उभा राहतो आणि पुढे कंसात ‘वगळण्यात आले’. चाळीत बिऱ्हाड गेलं तरी खोलीचा नंबर दारावर राहतो तसं. आणि खोलीचे दोन भाग केले की दुसऱ्या दारावर १२-अ असं खडूने कोण लिहितं? कायदा न वाचलेलाच कुणीतरी.

हे सारं सांभाळणं म्हणजे खळ, कात्री आणि चिठ्ठ्या. दुरुस्ती राजपत्रात छापून आली की तेवढा मजकूर कापून जुन्या ओळीवर चिकटवायचा, ‘ऐवजी’ आणि ‘वाचावे’ या दोन शब्दांवर डोळा ठेवून. एका चिठ्ठीवर दुसरी चढते, पान फुगतं, बांधणी उसवते. संगणक आल्यावर चिकटवणं गेलं, शंका गेली नाही : समोर दिसतो आहे तो मजकूर कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेला? म्हणून मुखपृष्ठावर ‘अमुक दिनांकापर्यंत सुधारित’ ही ओळ शोधावी, बाकीचं नंतर वाचावं. ती नसेल तर पुस्तक मिटून ठेवलेलं बरं.

कार्पेंटरचं पांढरं पुस्तक पुढे इतकं हाताळलं गेलं की काळं पडलं. १५८२मध्ये त्याची नवी प्रत करावी लागली आणि पांढऱ्याचं काळं झाल्याबद्दलच्या लॅटिन ओळी जुन्या प्रतीत कुणीतरी लिहून ठेवल्या. एका वकिलांकडे मी मुंबईच्या कायद्याची जुनी प्रत पाहिली होती. उघडलीच नाही, नुसती कडेने धरून उजेडाकडे केली. पानांच्या कडा पिवळट, आणि त्यात अंगठ्यांच्या मळाच्या तीन-चार काळ्या रेघा. पहिली करांच्या पानांशी होती. सगळ्यांत जाड रेघ कुठे होती ते बोट घालून पाहिलं, तर पुस्तक आपणहून ३५१ ते ३५४-अच्या मधे उघडलं.