हिशेबशास्त्राचे प्राध्यापक (बेळगाव–निपाणी सीमाभाग)

बेळगाव व निपाणी येथील, तसेच निपाणीला लागून असलेल्या महाराष्ट्रातील कागल तालुक्यातील महाविद्यालयांत जमाखर्च, परिव्यय लेखाकर्म, अंकेक्षण व आयकर हे विषय शिकवणारा मराठीभाषक अध्यापकवर्ग. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘अकौंटचे सर’. या वर्गाने ग्रंथलेखन फारसे केले नाही, त्यामुळे चरित्रकोशांत त्याची नावे क्वचितच सापडतात. गावातल्या पतसंस्थांचे जुने अहवाल आणि नातेवाइकांच्या कर्जखतांवरील जामीनदाराच्या सह्या पाहिल्या, तर मात्र ती जागोजागी भेटतात.

पूर्वपीठिका : बेळगावात लिंगराज महाविद्यालय 1933 मध्ये आणि राणी पार्वतीदेवी महाविद्यालय 1945 मध्ये सुरू झाले. त्या काळी ही महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती. वाणिज्य शिकायचे तर मुंबईचे सिडनहॅम (1913) किंवा पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय (1943) गाठावे लागे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. 1962 मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. बेळगावचे गोगटे वाणिज्य महाविद्यालय आणि निपाणीचे बागेवाडी महाविद्यालय धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे राहिले (2010 नंतर राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे), तर निपाणीला चिकटून, पण महाराष्ट्रात असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूरकडे. एकाच गल्लीतले दोन शेजारी एकच विषय दोन विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांनुसार शिकवीत. एकाची मुले कर्नाटकाची पी.यू.ची (पदवीपूर्व) परीक्षा देत, दुसऱ्याची महाराष्ट्राची बारावीची.

दोन राज्यांचा संसार : निपाणीत राहून अर्जुननगरला शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे स्वतःचेच खाते दोन राज्यांत विभागलेले असते. घरपट्टी निपाणी नगरपालिकेला, रेशनकार्ड व मतदान कर्नाटकात. पगार, त्यातून कापला जाणारा व्यवसाय कर आणि पुढे निवृत्तिवेतन महाराष्ट्राकडे. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न याहून अवघड. मराठी शाळेत घातले तर कर्नाटकातील सरकारी नोकरीची वाट अरुंद होते. कन्नड शाळेत घातले तर घरात आजी-आजोबांशी अंतर पडते. 1986 च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनानंतर अनेकांनी तिसरी वाट धरली, ती इंग्रजी शाळेची. आंदोलनाच्या सभेला जाणाऱ्या घरांनीही ती धरली, हे इथे नोंदवायला हवे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील विद्यार्थ्यांना त्या राज्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांत सवलत मिळते. तिचे नियम पालकांना समजावून सांगण्याचे कामही बहुधा याच सरांकडे येई.

घर आणि हिशेब : या भागातील कुटुंबाचे उत्पन्न तंबाखू, ऊस आणि गूळ यांवर चाले. पैसा हंगामाला येई, व्यापाऱ्याकडे अडके आणि लग्न, आजारपण, विहीर यांत जाई. अशा घरात महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा एकच माणूस असला, की तोच घरची बँक होई. भावाच्या सोसायटी-कर्जाला जामीन, बहिणीच्या लग्नाचा खर्च, पुतण्याच्या वसतिगृहाची फी हे सारे त्याच्या पगारपत्रकावर दिसते. जामीन राहिलेल्या कर्जाचा हप्ता थकला, की कपात त्याच्याच पगारातून. जामीनकीचा धोका वर्गात फळ्यावर मांडणारा माणूस घरी ‘नको’ म्हणू शकत नसे, आणि ही त्याची दुर्बलता मानणे अन्यायाचे होईल. शेताची वाटणी करायची वेळ आली, तर विहिरीतील हिस्सा, बांधावरची झाडे, आईच्या पोटगीची रक्कम यांचा कागद त्यानेच करायचा असे. दोन्ही भाऊ त्याच्यावर रुसले, तर वाटणी सरळ झाली असे समजावे.

बाजाराशी संबंध : पानतंबाखूवर 1943 पासून 1979 पर्यंत केंद्रीय अबकारी कर होता. वखारदाराला परवाना घेऊन आवक-जावक व शिल्लक यांच्या नोंदवह्या ठेवाव्या लागत. निपाणीच्या पेठेत वह्या लिहिणारे कारकून त्यामुळे कायम हवे असत आणि त्यांतले पुष्कळ याच प्राध्यापकांचे विद्यार्थी. पेढीवरची कीर्द-खतावणी दिवाळी ते दिवाळी, वर्गातले उदाहरण 31 मार्चला संपणारे. आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष 1989-90 च्या आकारणीपासून लागू झाले, तेव्हा हा दुहेरीपणा संपला. पुढे पतसंस्थांचा काळ आला. महाराष्ट्राचा सहकार कायदा 1960 चा, कर्नाटकाचा 1959 चा. दोन्हीकडे सभासद असलेल्या संस्थांना बहुराज्य कायद्याखाली नोंदणी सोयीची पडली. पोटनियम, राखीव निधी, थकबाकीची तरतूद यांसाठी सल्लागार म्हणून, कधी संचालक म्हणून, अकौंटचे सर बोलावले जात. संचालकपद ही प्रतिष्ठा खरी, पण संस्था बुडाली की लोक ठेवींची चौकशी करायला सरांच्याच दारात येत.

सार्वजनिक जीवन : निपाणीत प्राध्यापकाने चळवळीत उतरणे नवे नाही. तंबाखू कामगारांचे नेते प्रा. सुभाष जोशी हे त्याचे ठळक उदाहरण. 1981 च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला आणि त्याचा शेवट पोलीस गोळीबारात झाला. हिशेबशास्त्राचे प्राध्यापक अशा वेळी पुढच्या रांगेत क्वचित दिसले. वर्गणीची पावतीपुस्तके आणि जमाखर्च मात्र त्यांच्याकडे सोपवले जात.

सद्यःस्थिती : संगणकावरील टॅली आणि 1 जुलै 2017 पासूनचा वस्तू व सेवा कर यांमुळे वही लिहिण्याचे शिक्षण मागे पडले. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून आणि कर्नाटकात 1 एप्रिल 2006 पासून नेमलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू झाली नाही. विनाअनुदानित तुकड्यांवर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तर दरमहा ठरलेला पगारही नाही. सोसायटी त्यांची सही जामीनदार म्हणून घेत नाही.