गझालींची टिपणे आणि बिटकॉइनचे चोवीस शब्द

इमाम गझाली तरुणपणी जुर्जानला शिकायला गेले होते. तिथले शिक्षण आटोपून ते आपल्या गावी, तूसला परतत असताना वाटमाऱ्यांनी काफिला लुटला. ताजुद्दीन सुबकी यांनी चौदाव्या शतकात लिहिलेल्या चरित्रकोशात हा प्रसंग येतो. गझालींच्या झोळीत उस्तादांकडून उतरवून घेतलेली टिपणे होती. ती तेवढी परत द्या, म्हणून ते टोळीच्या मागे गेले. सरदार हसला. कागद गेले की ज्याचे ज्ञान जाते, तो आलिम कसला, असा त्याचा सवाल होता. टिपणे परत मिळाली, पण तो टोमणा गझालींच्या मनाला लागला. पुढची तीन वर्षे त्यांनी सगळी टिपणे पाठ करण्यात घालवली. आता कुणी वाटेत लुटले तरी ज्ञान जाणार नव्हते.

ही गोष्ट आपल्याकडे इल्मची महती सांगण्यासाठी सांगितली जाते. मला मात्र अलीकडे ती वेगळ्याच कारणाने आठवते. २००९ साली बिटकॉइन सुरू झाले आणि माणसाच्या हाती अशी संपत्ती आली, जी खरोखरच पाठ करता येते. बिटकॉइनची मालकी एका गुप्त किल्लीवर ठरते. ही किल्ली जपण्यासाठी बहुतेक वॉलेट १२ किंवा २४ साधे इंग्रजी शब्द देतात. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडलेले असतात. हे शब्द ज्याला ठाऊक, त्याच्या हाती पैसा. त्यासाठी तिजोरी लागत नाही, खातेपुस्तक लागत नाही, बँकेची शाखाही लागत नाही. माणूस रिकाम्या हाताने सरहद्द ओलांडू शकतो आणि त्याची सगळी दौलत त्याच्या डोक्यात असू शकते.

वरवर पाहता हा गझालींचाच उपाय वाटतो, पण दोन्हींत मोठा फरक आहे. लुटारूने मानेवर तलवार ठेवून गझालींकडून टिपणे वदवून घेतली असती, तरी त्यांचे काहीच गेले नसते. ज्ञान सांगितल्याने कमी होत नाही. ते २४ शब्द एकदा सांगितले की दौलत दुसऱ्याची होते. म्हणजे ज्ञान डोक्यात ठेवले की ते सुरक्षित होते. धन डोक्यात ठेवले तर मालकाचे शरीरच तिजोरी बनते, आणि तिजोरी फोडणारे तिकडे वळतात.

रस्त्यावरचा धोका

धन रस्त्यावरून नेऊ नये, कागदावरून न्यावे, ही कल्पना इस्लामी जगात फार जुनी आहे. एका शहरात सराफाकडे रक्कम द्यायची, चिठ्ठी घ्यायची आणि दुसऱ्या शहरात ती वटवायची. या चिठ्ठीला 'सुफ्तजा' म्हणत. मक्केत लोकांकडून दिरहम घ्यायचे आणि इराकमध्ये आपला भाऊ मुसअब यांच्या नावे चिठ्ठी लिहून द्यायची, असा व्यवहार अब्दुल्लाह इब्न जुबैर करत, असे फिक्हच्या ग्रंथांत नोंदवले आहे.

फकीहांनी या चिठ्ठीवर बराच वाद घातला. प्रश्न बारीक होता. कर्ज देणाऱ्याला त्यातून वाटेवरच्या धोक्यापासून संरक्षण मिळते. मग हा कर्जावर घेतलेला फायदा ठरतो का? हनफींनी अशी अट घालून केलेला व्यवहार मकरूह मानला. मालिकींनी एरवी मनाई केली, पण रस्त्यांवर सर्रास भीती असेल तर सूट दिली. इब्न तैमियांनी तो जायज ठरवला, कारण दोन्ही बाजूंचे त्यात भले होते. या वादातून एक गोष्ट नीट कळते. संपत्तीची सुरक्षितता हीसुद्धा एक किंमत असलेली वस्तू आहे, हे त्या विद्वानांना पक्के ठाऊक होते.

दहाव्या शतकात इब्न हौकल या प्रवाशाने सहाराच्या दक्षिण टोकाला, औदागुस्तमध्ये, ४२,००० दीनारांच्या कर्जाचा 'सक्क' पाहिला. अकराव्या शतकात नासिर खुसरो बसऱ्याला गेला, तेव्हा तिथल्या बाजारात लोक सराफाकडे पैसे ठेवून चिठ्ठ्यांवरच खरेदी करत होते. आजच्या 'चेक' या शब्दाचे मूळ अनेक जण त्या 'सक्क'मध्येच शोधतात.

हिंदुस्थानात हेच काम हुंडीने केले. पेशव्यांचा पैसाही हुंड्यांवरून फिरे. तिचा 'शहाजोग' हा प्रकार आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ही हुंडी कुणालाही वटवता येत नसे. बाजारात पत असलेल्या 'शहा'मार्फतच पैसे मिळत. हुंडी चोरीची निघाली तर पैसे परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, आणि तीही गेली तर परपैठ निघे. त्यामुळे वाटेत हरकाऱ्याला अडवून हुंडी हिसकावली, तरी दरोडेखोराच्या हाती कागदच राहायचा. पैसा मिळवायला त्याला भरबाजारात, ओळखीच्या माणसांसमोर उभे राहावे लागले असते.

हुंडीची खरी ताकद ही होती. ती वाहून नेणाऱ्या एकट्या माणसाच्या हातात पैसे सोडवण्याचा अधिकारच नव्हता. त्याला कितीही मारले तरी उपयोग नव्हता. आणि हे लुटारूलाही माहीत होते.

लाल किल्ला, १७८८

दौलत एकाच माणसाकडे आहे आणि ती त्यानेच लपवली आहे, असे लोकांना वाटू लागले की काय होते, याचे सर्वांत भीषण उदाहरण दिल्लीत घडले.

१७८८ च्या जुलैमध्ये गुलाम कादिर रोहिला लाल किल्ल्यात शिरला. बादशाह शाह आलम दुसरा त्याच्या ताब्यात आला. महालात पिढ्यान्‌पिढ्यांचा खजिना पुरलेला आहे, अशी गुलाम कादिरची खात्री होती. वास्तविक हा किल्ला कधीच धुऊन निघाला होता. १७३९ मध्ये नादिरशाहने तख्त-ए-ताऊससकट दौलत नेली. १७५७ मध्ये अहमदशाह अब्दालीने दिल्ली लुटली. १७६० मध्ये पैशांची चणचण पडली, तेव्हा सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडले. आता उरले होते ते नाव.

पण नावालाच तर लुटारू भुलतो. गुलाम कादिरने फरशा उखडल्या, छते फोडली. शहजाद्यांना चाबकाने मारले, नोकरांचे हाल केले, जनान्यातल्या बायकांनाही सोडले नाही. मुहम्मदशाहची बेवा मलिका-ए-जमानी हिने त्याला स्वतः पैसा पुरवला होता. पुढे तिलाही लुटण्यात आले. एकदा दिले म्हणजे आणखी असणार, असा लुटारूचा हिशोब असतो. 'माझ्याकडे नाही' हे शाह आलमला कोणत्याही प्रकारे सिद्ध करता येत नव्हते. १० ऑगस्टला त्याचे डोळे काढण्यात आले.

पुढे महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली सोडवली. त्या फौजेचे नेतृत्व राणेखानकडे होते. पानिपतावरून जखमी महादजींना वाचवणारा आणि त्यांनी ज्याला 'भाई' मानले, तोच हा राणेखान. बाजीराव-मस्तानीचा नातू अलीबहादूरही या मोहिमेत होता. मेरठहून पळालेला गुलाम कादिर पकडला गेला आणि मार्च १७८९ मध्ये त्याचा अंत झाला. आंधळा बादशाह पुन्हा तख्तावर बसला. न्याय झाला, पण डोळे परत आले नाहीत.

तोच किल्ला, नवे लुटारू

आता २१ जानेवारी २०२५ कडे येऊ. क्रिप्टोच्या किल्ल्या जपणारे छोटे यंत्र बनवणाऱ्या लेजर या फ्रेंच कंपनीच्या एका सहसंस्थापकाचे आणि त्याच्या जोडीदारणीचे मध्य फ्रान्समधल्या घरातून अपहरण झाले. खंडणीसाठी त्याचे बोट कापण्यात आले. पोलिसांनी दोघांना सोडवले. मे महिन्यात पॅरिसमध्ये एका क्रिप्टो व्यावसायिकाच्या वडिलांना उचलून नेले, त्यांचेही बोट कापले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका व्यावसायिकाच्या मुलीला तिच्या लहानग्यासह भररस्त्यात व्हॅनमध्ये ओढण्याचा प्रयत्न झाला. तिच्या नवऱ्याने आणि रस्त्यावरच्या लोकांनी तो हाणून पाडला.

आपल्या शेजारचे उदाहरण तर आणखी बोचरे आहे. २०१८ मध्ये सुरतच्या एका बिल्डरला उचलून नेऊन त्याच्याकडून बिटकॉइन उकळण्यात आले. हे करणारे अमरेली जिल्ह्यातले पोलीसच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या विशेष न्यायालयाने १४ जणांना जन्मठेप सुनावली. त्यांत तत्कालीन जिल्हा पोलीस अधीक्षक आणि एक माजी आमदार होते. अब्बासी काळात पदावरून उतरलेल्या वजिराला आणि श्रीमंत व्यापाऱ्याला कोठडीत घालून दौलत ओकायला लावत. त्याला 'मुसादरा' म्हणत. सुरतेचे प्रकरण वाचताना तो शब्द आठवल्याशिवाय राहत नाही.

लुटारूंना पत्ता कळतो कसा? अनेकदा मालकच सांगतो. सोशल मीडियावर नफ्याचे स्क्रीनशॉट, लग्नात गप्पा, नवी गाडी. कधी तो दुसऱ्याच्या हातून फुटतो. २०२० मध्ये लेजरच्या अडीच लाखांहून अधिक ग्राहकांची नावे, घरचे पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. त्या यादीत कुणाकडे किती आहे हे नव्हते. पण शाह आलमकडे तरी कुठे होते?

जबरदस्तीला ओळखणारा कायदा, न ओळखणारी यंत्रणा

फिक्हमध्ये 'इक्राह' नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. जिवाची किंवा अवयवाची भीती घालून करवून घेतलेली विक्री माणसाला बांधून ठेवत नाही. भीती सरल्यावर ती मान्य करायची की मोडायची, हे तो ठरवू शकतो. १८७२ चा भारतीय करार कायदाही जबरदस्तीने झालेला करार रद्द करण्याचा हक्क देतो. काजी असो की न्यायाधीश, तो विचारतो की सही खुशीने केली होती का.

ब्लॉकचेन हा प्रश्न विचारत नाही. किल्ली बरोबर असली की व्यवहार पक्का. ज्याच्याकडे दाद मागावी असा मधला माणूसच नको, हा तर या शोधाचा अभिमान होता. त्यात बँकेची मनमानी गेली हे खरे. पण मानेवर सुरा असलेल्या ग्राहकाकडे पाहून 'जरा थांबा' म्हणणारा कारकूनही गेला. जो उपाय करायचा तो आधीच करून ठेवावा लागतो.

हुंडीकडून शिकण्यासारखे

पहिला उपाय मौनाचा. किती आहे, कुठे आहे, आहे की नाही, यांतले काहीच बोलू नये. मुलांनाही हे शिकवावे. यंत्र मागवताना घरचा पत्ता देऊ नये. रोख रक्कम घेऊन अनोळखी माणसाला भेटून क्रिप्टोची देवघेव तर कधीच करू नये.

दुसरा उपाय शहाजोग हुंडीचा. आजच्या भाषेत त्याला मल्टिसिग म्हणतात. तीन किल्ल्या, त्यांतल्या दोन एकत्र आल्याशिवाय पैसा हलत नाही. एक घरी, एक दुसऱ्या शहरातल्या भरवशाच्या नातेवाइकाकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. एक्स्चेंजवर रक्कम असेल तर दिवसाची मर्यादा आणि काढण्यापूर्वीचा थांबा लावून ठेवावा. रोजच्या गरजेपुरती छोटी रक्कम फोनमध्ये, बाकी हाताबाहेर. काही जण दाखवायला वेगळे वॉलेट ठेवतात. ते उपयोगी पडू शकते, पण मलिका-ए-जमानीची गोष्ट विसरू नये. थोडे मिळाल्यावर लुटारू थांबेलच असे नाही. आपल्याला एकट्याला देताच येत नाही, हे खरे असणे आणि दाखवता येणे अधिक कामाचे.

तिसरा उपाय वसीयतीचा. किल्ली फक्त आपल्या डोक्यात असेल तर आपल्याबरोबर वारसांचा हक्कही दफन होतो. मल्टिसिगमुळे हा प्रश्नही बराचसा सुटतो. पैठ-परपैठ काढणाऱ्या सराफांना हे आपल्याआधी समजले होते.

आणि तरीही कुणी दारात उभे राहिलेच तर? आपल्या माल वाचवताना मारला गेलेला शहीद, हा हदीस आपण सर्वांनी ऐकला आहे. पण मालाचे रक्षण करणे बहुसंख्य फकीहांनी जायज म्हटले आहे, वाजिब नव्हे. शरीअतने जपायच्या पाच गोष्टींची मांडणी ज्या गझालींनी केली, त्यांनी त्यात धर्मानंतर जीव ठेवला आणि माल शेवटी. तेव्हा पैसे देऊन टाकावेत, घरच्यांना वाचवावे, आणि सुटका होताच ११२ वर पोलिसांना, १९३० वर सायबर कक्षाला आणि एक्स्चेंजला कळवावे. फ्रान्सच्या त्या प्रकरणात खंडणीचा बराच भाग माग काढून गोठवता आला, तो वेळेत हालचाल झाल्यामुळे.

दौलत डोक्यात ठेवता येते, हा आपल्या काळाचा चमत्कार आहे. पण हुंडी चालवणाऱ्यांनी ती कधीच एका डोक्यात ठेवली नव्हती. ती त्यांनी माणसांच्या आपसातल्या भरवशात ठेवली होती, आणि तिथे सुरा घेऊन पोहोचणे कठीण असते.