मोडक्या पटाचें कोडें

हेन्री ड्यूडनी या इंग्रज कोडेकारानें १९०७ सालीं आपल्या 'कँटरबरी पझल्स' या पुस्तकांत एक कथा रचली. बुद्धिबळाच्या डावावरून दोन राजपुत्र हमरीतुमरीवर आले, एकानें दुसऱ्याच्या मस्तकावर पट हाणला आणि त्याचे तेरा तुकडे झाले. ते जुळवून पट पुन्हा सांधावयाचा! कथा अर्थातच कल्पित; कोडें मात्र अस्सल. बारा तुकडे पांच पांच घरांचे, तेरावा चार घरांचा चौकोन. एकूण घरें ६४. पांच घरें कडेला कड लावून जोडण्याचे प्रकारहि नेमके बाराच आहेत.

ड्यूडनीनें एक उत्तर छापलें. परंतु उत्तर सांपडणें निराळें आणि आतां एकहि उरलें नाहीं असें छातीठोकपणें सांगणें निराळें. तें धैर्य १९५८ सालीं प्रिन्स्टन येथील डेना स्कॉट यांस गणकयंत्रानें दिलें. त्यांनीं चौकोन पटाच्या मधोमध पक्का केला. मग अधिक चिन्हाच्या आकाराच्या तुकड्याला, पट फिरवून वा उलटून सारख्या ठरणाऱ्या जागा वगळतां, तीनच जागा उरल्या. पुढें यंत्रानें एकेक तुकडा बसवावा, अडलें कीं शेवटचा उचलून दुसरा लावावा. कोडें सोडविणारें मूलहि हेंच करतें. फक्त कोणता प्रयत्न होऊन गेला हें तें विसरतें. यंत्र विसरलें नाहीं. सुमारें साडेतीन तासांत उत्तरें निघालीं ६५.

१९६० सालीं हेझलग्रोव्ह दांपत्यानें चौकोन गाळून ६×१० घरांचा आयत तपासला; तेथें उत्तरें २३३९ भरलीं. तेच बारा तुकडे ३×२० च्या चिंचोळ्या पट्टींत मात्र अवघ्या दोन रीतींनीं बसतात.