वाळलेली अळी

डबकं आटलं की त्यातल्या किड्यांचं काय होतं? ज्यांना पंख फुटलेत ते उडून जातात, काही चिखलात खोल शिरतात, काही नुसती अंडी मागे ठेवतात. उरलेले मरतात. उत्तर नायजेरियातल्या उघड्या कातळावरची एक अळी मात्र यातलं काहीच करत नाही. ती जागच्या जागी वाळून जाते!

नाव जरा अवघड आहे, पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी. डासासारखी दिसणारी पण न चावणारी एक माशी असते, तिची ही अळी. (घरी माशांची टाकी ठेवणारे 'ब्लडवर्म' आणतात ना, त्याच कुळातली.) हॉवर्ड हिंटन या कीटकशास्त्रज्ञाने १९५१ साली तिला हे नाव दिलं.

वाळून पुन्हा जिवंत होणारे जीव तसे जुनेच. लेव्हेनहूकने १७०२ मध्ये छपराच्या पन्हळीतल्या सुक्या धुळीवर पाणी घातलं, तर त्यात बारीक जीव हलू लागले. मग हे जीव मधल्या काळात मेलेले होते की जिवंत? हा प्रश्न कुणाला सहज सोडवता येईना. पॅरिसमध्ये पॉल ब्रोकाने यावर १८६० साली भलामोठा अहवाल लिहिला, तरी वाद काही मिटला नाही. १९५९ मध्ये डेव्हिड केलिनने या अवस्थेला 'क्रिप्टोबायोसिस', म्हणजे लपलेलं जीवन, असं नाव दिलं.

आणि लगेच पुढच्या वर्षी हिंटनने आपल्या अळीचे प्रयोग छापले. पार वाळलेली अळी त्याने एक मिनिट १०२ अंशांवर ठेवली, द्रव हेलियममध्ये उणे २७० अंशांपर्यंत थंड केली. नंतर पाण्यात टाकली तर ती हलू लागली! एरवी हीच अळी ओली असताना उकळत्या पाण्यात क्षणभरही टिकणार नाही. १७ वर्षं कोरडी राहिलेली अळीसुद्धा पाण्यात जागी झाल्याची नोंद आहे.

यामागचं रहस्य जपानमधल्या त्सुकुबाच्या संशोधकांनी बरंचसं उलगडलं. पाणी कमी होऊ लागलं की अळी ट्रेहॅलोज नावाची साखर बनवू लागते. ही साखर तिच्या सुक्या वजनाच्या साधारण २० टक्के भरते. पेशींमधल्या पाण्याची जागा ती घेते आणि काचेसारखी घट्ट होऊन आतलं सगळं जागेवर धरून ठेवते. आपल्याकडे मोरावळा पाकात टिकतो, तसंच काहीसं म्हणा ना (शास्त्रज्ञ मंडळी रागावतील, असो). पण या कामाला वेळ लागतो, दोनेक दिवस तरी. घाईघाईने वाळवली तर साखर पुरेशी बनत नाही आणि अळी मरते. म्हणजे तिला दुष्काळ चालतो, पण तो हळूहळू यायला हवा.

मला सर्वात नवल वाटलं ते २००२ च्या प्रयोगाचं. संशोधकांनी अळीचा मेंदूच काढून टाकला, तरीही ती व्यवस्थित वाळली आणि पाणी मिळाल्यावर जागी झाली. पेशी आपापलं बघून घेतात, वरून हुकूम लागत नाही.

हे सामर्थ्य फक्त अळीलाच आहे. अंड्याला नाही, कोशाला नाही, आणि पंख फुटून बाहेर पडणाऱ्या, जेमतेम काही दिवस जगणाऱ्या माशीलाही नाही.